घरात ऊन-वारा हवा, हे मुंबईने नियमात कधी लिहिलं?

रिडेव्हलपमेंटची मीटिंग कुठलीही असो, पहिला प्रश्न कार्पेट किती मिळणार आणि दुसरा पार्किंगचा. शेजारच्या बिल्डिंगपासून अंतर किती सुटणार, तळमजल्यावर ऊन पोचणार का, हे फारसं कोणी विचारत नाही. पण याच शहरात शंभरेक वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न ऐरणीवर होता आणि त्याचं उत्तर चक्क अंशांमध्ये मोजून दिलं गेलं होतं, म्हणून मागची सगळी गोष्ट जरा सविस्तर लिहितेय.

सुरुवात 1896 ची. मांडवी भागात प्लेग आलाय हे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलं, ते मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. मांडवी म्हणजे धान्याची गोदामं, खच्चून भरलेली बिऱ्हाडं आणि दोन इमारतींच्या मधे घरगल्ली. जुन्या मुंबईत घरगल्ली बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको, एक माणूस कसाबसा जाईल एवढी फट, त्यात वरच्या मोऱ्या-संडासांचं पाणी पडतंय, आणि मागच्या खोल्यांना जी काय एखादी खिडकी असेल ती त्याच फटीत उघडणारी. ती उघडायची तरी कशाला? म्हणून बंद, म्हणून भरदुपारी पण आत काळोख. प्लेगने माणसं मेली, गिरण्यांचे कामगार गावी पळाले, 1891 ला सव्वाआठ लाखाच्या आसपास असलेली लोकसंख्या 1901 च्या जनगणनेत पावणेआठ लाखांवर आली.

मग डिसेंबर 1898 मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही शहर सुधारायची सरकारी संस्था उभी राहिली. प्लेग अंधाऱ्या, ओल्या, कोंदट खोल्यांतून पसरतो असं तेव्हा बऱ्याच डॉक्टरांना आणि अधिकाऱ्यांना वाटायचं. खरं तर तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, आणि फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी हे त्याच वर्षी कराचीत दाखवलं होतं पण ते लगेच कोणी मानलं नाही. म्हणजे निदान चुकलं होतं, तरी औषध फुकट गेलं नाही, कारण अंधाऱ्या कोंदट खोलीत क्षय पसरतो हे मात्र अगदी खरं आहे.

समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट काढला, सँडहर्स्ट रोड काढला. यात गरिबांची घरं पाडली गेली आणि जेवढी पाडली त्या मानाने नवीन फारच कमी बांधली, हे लपवून चालणार नाही, ज्यांच्या नावाने सुधारणा त्यांनाच दुसऱ्या गर्दीत जावं लागलं.

पण ट्रस्टचं एक काम मला फार मोलाचं वाटतं. जेम्स ऑर हे चेअरमन असताना त्यांनी 1912 च्या सुमारास साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. म्हणजे काय, तर आपल्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत तिरकी रेघ मारायची, ती जमिनीशी 63.5 अंशांपेक्षा जास्त उभी नको. हिशोब सोपा आहे, समोरची इमारत जेवढी उंच त्याच्या निदान निम्मी जागा मधे मोकळी, 40 फुटी इमारत असेल तर 20 फूट. विचार सगळा खालच्या खोलीपासून सुरू होतो, आणि मला वाटतं खरं शहाणपण तिथेच आहे, कारण वरच्या मजल्यावर ऊन-वारा असाही मिळतोच.

दादर-माटुंगा-वडाळा-सायनचा सगळा आराखडा याच ट्रस्टचा. ट्रस्टमध्येच इंजिनियर असलेले मंचेरजी जोशी, त्यांनी साध्या मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी 103 प्लॉट मिळवले, इमारती बुटक्या ठेवल्या, फाइव्ह गार्डन्स आणि झाडांचे रस्ते झाले. मे महिन्यात टिळक ब्रिज उतरून पारशी कॉलनीत शिरलात की सावलीमुळे पडणारा फरक अंगाला लगेच जाणवतो. बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षं परळला याच ट्रस्टच्या चाळीत राहिले आणि पुढे 1930 च्या दशकात हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, पुस्तकांना जागा मिळावी हे डोक्यात ठेवून.

त्यानंतर बीडीडी. 1920 मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, घोषणा 50 हजार खोल्यांची होती, झाल्या 16 हजारांच्या आसपास, वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग मिळून 207 चाळी. खोली 160 चौरस फूट, संडास कॉमन. आतली खोली अडचणीची होती यात शंकाच नाही, पण दोन चाळींमधलं अंतर सोडलेलं होतं आणि त्या मोकळ्या जागेत गणपती, लग्नं, क्रिकेट, कबड्डी सगळं झालं.

नवी मुंबईत आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी 1980 च्या दशकात बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज केलं, सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती, वर फक्त आकाश, आणि पैसे येतील तसं घर वाढवायची सोय. स्वस्त घर म्हणजे कोंदट घर असं काही नसतं हे तिथे दिसतं.

आणि मग गोवंडी-मानखुर्द. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड, झोपडपट्टीतून हलवलेल्यांच्या पुनर्वसनाच्या इमारती, मधे काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर. खाली उभं राहून वर बघितलं तर आकाशाची पट्टी दिसते, दिवसासुद्धा घरात ट्यूबलाइट लागते, वरून कचरा पडतो म्हणून खिडक्या बंद. म्हणजे घरगल्लीच, फक्त लिफ्ट असलेली. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेच्या अभ्यासात ऊन-वारा कमी असलेल्या खालच्या मजल्यांवर टीबीचं प्रमाण जास्त निघालं. पुनर्वसनाच्या योजनांना मोकळ्या जागेच्या नियमात सवलती देत गेलो त्याचा हा परिणाम, आणि तो भोगतंय कोण, तर ज्यांच्याकडे दुसरीकडे जायचा पर्यायच नव्हता ते.

आता बीडीडीच्या जागी टॉवर येतायत, वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या चाव्या मिळाल्या, 160 च्या जागी 500 फुटांचं घर, स्वतःचा संडास, हे कधीच व्हायला हवं होतं. पण तिथे काय किंवा तुमच्या सोसायटीत काय, आर्किटेक्टकडे प्लॅनसोबत दोन इमारतींमधला सेक्शन, म्हणजे उभा छेद दाखवणारं चित्र, मागा, त्यावर पट्टी ठेवून तळमजल्यावरून तिरकी रेघ मारा, आणि सह्या करायच्या आधी मारा.