गंगापूर रोड आणि धरणाचा बॅकवॉटर परिसर (नाशिक)

अशोक स्तंभापासून पश्चिमेला निघून आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर गाव करत पुढे गोवर्धन, सावरगाव, गंगावऱ्हेकडे गोदावरीवरच्या गंगापूर धरणाच्या पाण्यापर्यंत जाणारा पट्टा म्हणजे गंगापूर रोड. धरणाच्या जलाशयाला नाशिककर सरसकट बॅकवॉटरच म्हणतात. आज शहरातल्या महागड्या वस्त्यांमध्ये या पट्ट्याची गणती होते, पण ही भरभराट अगदी अलीकडची आहे, त्याआधी इथे शेती, मळे आणि नदीकाठची छोटी गावं एवढंच होतं.

गावं मात्र फार जुनी. गोवर्धन हे नाव तर पांडवलेण्यांच्या शिलालेखांत येतं. क्षत्रप (शक राजा) नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनातल्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेव म्हणून ठेवले आणि त्याच्या व्याजातून लेण्यांतल्या भिक्षूंचा खर्च भागवायची सोय केली, म्हणजे जवळपास १९०० वर्षांपूर्वी इथे विणकर होते, व्याजबट्टा होता, सगळा व्यवहार चालू होता. आनंदवल्लीचा संबंध पेशवाईशी, राघोबादादा आणि आनंदीबाईंचा मुक्काम इथे होता आणि गावाचं नावही आनंदीबाईंवरून पडलं असं सांगतात. तिथला नवश्या गणपती आजही गर्दी खेचतो. सोमेश्वरला नदीवर धबधबा आहे, पावसाळ्यात तो बघायला अख्खं नाशिक लोटतं.

खरा बदल झाला तो धरणामुळे. गंगापूर धरण मातीचं, जवळपास ३.९ किमी लांब, १९६५ साली पूर्ण झालं. धरण म्हटलं की काठावरच्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणं आलंच, त्यांच्या त्यागाचा उल्लेख कौतुकाच्या लेखांत फार कमी होतो, तो व्हायला पाहिजे. दुसरीकडे डाव्या कालव्याने मखमलाबादकडच्या शेतीला पाणी मिळालं आणि शहराची तहान भागली. त्याच सुमारास सातपूरला एमआयडीसी आली, नोकऱ्या आल्या, माणसं आली. रोडच्या सुरुवातीच्या भागात केटीएचएम कॉलेज आणि शेजारच्या कॉलेज रोडवरच्या शिक्षणसंस्थांमुळे विद्यार्थ्यांची वर्दळ वाढली. १९८२ मध्ये महापालिका झाली आणि मग हळूहळू जेहान सर्कल, सावरकरनगर, बारदान फाटा असं करत शहर गंगापूर गावाला जाऊन टेकलं.

पुढचा टप्पा द्राक्षांचा. गोवर्धन शिवारात सुला कंपनीची वायनरी उभी राहिली, २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली, आणि मुंबई-पुण्याचे लोक वीकेंडला इकडे यायला लागले. पाठोपाठ रिसॉर्ट, फार्महाऊस, बोट क्लब, मिसळीची ठिकाणं. थंडीत सावरगावच्या बाजूला सकाळी धुकं पाण्यावर बसलेलं असतं, रस्त्याच्या कडेला कणसं भाजायच्या शेगड्या पेटलेल्या असतात आणि मागे द्राक्षबागेत मजुरांचं काम चालू असतं. पर्यटन आणि शेती एकाच नजरेत दिसतात अशा जागा नाशिकजवळही आता कमीच राहिल्यात.

या वस्तीचं पाण्याशी नातं फक्त देखाव्याचं नाही. पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढला की खाली रामकुंडाजवळ नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, आणि डोक्यावरून गेलं की मग बाजारपेठेतली दुकानं रिकामी करायची धावपळ. २००८ च्या सप्टेंबरात मोठा पूर आला, त्यानंतर निळ्या आणि लाल पूररेषेचा (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या, बांधकामावर बंधन आणणाऱ्या रेषांचा) विषय ऐरणीवर आला, आणि गंगापूर रोडच्या नदीकाठच्या प्लॉटवाल्यांना तो आजही सोडत नाही.

धरणाची मूळ क्षमता ७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर होती, गाळ साचत साचत ती ५.६ टीएमसीच्या आसपास आलीये. वर काश्यपी आणि गौतमी गोदावरी ही धरणं जोडीला आहेत, तरी समन्यायी वाटपाच्या, म्हणजे वरच्या आणि खालच्या धरणांत पाणी न्याय्य प्रमाणात वाटण्याच्या, नियमाने पाऊस कमी झालेल्या वर्षी इथलं पाणी खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणासाठी सोडावं लागतं आणि दरवेळी वाद पेटतो. अशा वेळी काठावर बांधकामांना परवानगी देताना सांडपाणी कुठे जाणार हे आधी बघायला हवं, कारण हेच पाणी पुढे शिवाजीनगरच्या जलशुद्धीकरण केंद्रातून शहराच्या नळाला येतं.