विरळणीच्या कात्रीमागचं मनगट

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत शिरलं की मांडवाखाली नुसता कात्र्यांचा आवाज ऐकू येतो. विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी कापून काढणं, चाललेली असते. डाव्या हातात घड, उजव्या हातात बारीक टोकाची कात्री, मान वर, हात खांद्याच्याही वर. मागच्या हंगामात सुरगाण्याच्या एका ताईंनी कात्रीच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. ‘‘नाहीतर रात्रभर अंगठा ठणकतो, भाऊ,’’ म्हणाल्या. बोलता बोलता हात खाली सोडून तीन-चारदा झटकला आणि पुढचा घड धरला.

हे झटकणं बागेत कुणाच्या नजरेतही भरत नाही. डॉक्टरला मात्र ती ओळखीची खूण वाटेल. मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून ९ कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि एक नस जाते. त्याच त्या हालचालीने कंडरांभोवती सूज आली की नस चेपते. मग अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, रात्री जास्तच. अंगठ्याच्या बुडाशी उठणारी कळ वेगळी. तिथल्या दोन कंडरांचं आवरण जाड होतं. गावात दोन्हींना एकच नाव, ‘मनगट भरलं’. त्यावर हळदीचा लेप लावायचा, कापड आवळून बांधायचं आणि सकाळी पुन्हा बागेत.

वैद्यकाला हे दुखणं जुनंच माहीत आहे. इटलीचे डॉक्टर रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या आजारांवरच्या आपल्या पुस्तकाच्या १७१३च्या आवृत्तीत दिवसभर लिहिणाऱ्या कारकुनांच्या हाताबद्दल लिहिलं. अंगठ्याच्या दुखण्याचं वर्णन स्विस सर्जन डी केरव्हेन यांनी १८९५मध्ये केलं. त्याच सुमारास इंग्रज त्याला धुणं धुणाऱ्या बाईची लचक म्हणत. १९०८मध्ये ब्रिटनने तारयंत्र चालवणाऱ्यांच्या हाताचा आजार भरपाईच्या यादीत घातला. टेबलाशी बसून काम करणाऱ्याच्या हाताची नोंद अशी लवकर झाली.

नाशिकच्या बागेत मनगटावरचा भार वाढत गेला तो पिकाबरोबर. इथे थंडी फार कडक नसल्याने वेल पूर्ण झोपत नाही, म्हणून वर्षातून दोन छाटण्या: एप्रिलची खरड, ऑक्टोबरची गोडी. पूर्वी भोकरी, फकडी अशा जाती होत्या, मग थॉमसन सीडलेस आली. तिचा मणी मुळात लहान. तो फुगवायला जिबरेलिक अॅसिड या वाढीच्या संप्रेरकात घड बुडवायचे, म्हणजे डिपिंग. मणी फुगला की घडात दाटी होते, म्हणून आधीच मणी काढून जागा करायची. १९९१मध्ये महाग्रेप्स ही द्राक्ष बागायतदारांची निर्यात संस्था उभी राहिली, निर्यात वाढली, युरोपसाठी १६-१८ मिलिमीटरचा मणी हवा झाला. त्या प्रत्येक मिलिमीटरमागे कात्रीच्या किती उघडझापी होतात, हे विरळणी करणारीलाच विचारावं.

त्यात काम बहुतेक उक्तं, एकरावर. पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळीला हात थांबवला की तोटा. माझ्या मते इजेचं मोठं कारण हेच. कात्री त्यानंतर येते. धार गेलेल्या कात्रीला जोर जास्त लागतो, हेही खरंच.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१०च्या यादीत ही दोन्ही दुखणी व्यावसायिक आजार म्हणून आहेत. फ्रान्समध्ये शेतीकामगारांच्या आजारांची वेगळी यादी आहे, तिच्यातही ती आहेत. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत शिसं, पारा, उसाच्या चोयट्याच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार होता, मनगट नव्हतं. शेतीतल्या सुरक्षेचा श्रम संघटनेचा २००१चा १८४ क्रमांकाचा करारही भारताने मंजूर केलेला नाही.

ट्यूबची पट्टी गुंडाळलेल्या त्या ताई माल उतरल्यावर गावी जातात. एप्रिलमध्ये खरड छाटणीला टोळी परत येते, तेव्हा हातात बारीक कात्रीऐवजी सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची जाड कात्री, असतो, आणि जोर पुन्हा त्याच अंगठ्यावर.