उडप्याकडे गहू नसतो?

सिलिॲक (गव्हातलं ग्लूटेन न चालणारा आजार) असलेल्याला मुंबईत हमखास सल्ला मिळतो: ‘उडप्याकडे जा, तिथे सगळं तांदळाचंच.’ अर्धंच खरं आहे हे. इडली-साध्या डोशाचं पीठ तांदूळ-उडदाचं, मान्य. पण रवा डोसा, रवा इडली, उपमा म्हणजे गहूच. खरी मेख सांबारातल्या हिंगात. बाजारातल्या बांधानी (म्हणजे इतर पदार्थ मिसळून तयार केलेल्या) हिंगात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो. डबीवरचे घटक वाचा, दिसेल. शिवाय माटुंग्यात सकाळच्या गर्दीत एकाच तव्यावर आधी रवा डोसा, मग तुमचा साधा. मेदूवडा उडदाचा खरा, पण पुऱ्याही त्याच कढईत! त्यामुळे वाफवलेली साधी इडली आणि बिनफोडणीची चटणी मागा. ‘हिंग कुठला?’ हे मात्र वेटरला नको, थेट भटारखान्यात विचारा.