शिष्य करणे (ख्रिस्ती संकल्पना)

येशूच्या शिकवणुकीप्रमाणे जगणारी माणसे घडवणे, या ख्रिस्ती कर्तव्याला ‘शिष्य करणे’ म्हणतात. त्याचा मुख्य शास्त्राधार म्हणजे मत्तयकृत शुभवर्तमानाची, म्हणजे नव्या करारातील येशूच्या एका चरित्राची, शेवटची पाच वचने (२८:१६–२०). पुनरुत्थानानंतर येशू गालीलातल्या डोंगरावर शिष्यांना भेटतो. ते आता बारा नाहीत, अकराच आहेत. येशूला धरून देणारा यहूदा उरलेला नाही. त्यांतही काहींच्या मनात शंका आहे आणि मत्तय ती लपवत नाही. सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याचे काम सोपवले जाते ते या मंडळीवर. या उताऱ्याला ‘महान आदेश’ म्हणण्याची प्रथा फार नंतरची आहे. मूळ ग्रंथात ते नाव नाही.

मूळ ग्रीक वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे : ‘शिष्य करा’. जाणे, बाप्तिस्मा देणे आणि शिकवणे ही तिन्ही धातुसाधितांच्या (‘जाऊन’, ‘देत’ अशा क्रियापदापासून बनलेल्या शब्दांच्या) रूपात येतात. त्यावरून काही प्रवचनकार असा अर्थ काढतात, की मुद्दाम कुठे जायला नको; रोजच्या वाटेवर जे भेटतील त्यांना शिष्य करावे. हा अर्थ टिकण्यासारखा नाही. त्याच मत्तयात हेरोद राजा मागी लोकांना (पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांना) बाळ येशूच्या शोधासाठी बेथलेहेमास पाठवतो तेव्हा (२:८) वाक्याची घडण अशीच आहे : जाऊन शोध करा. तिथे ‘जाता जाता जमले तर बघा’ असे कोणी समजत नाही. मराठीतले ‘जाऊन करा’ हे रूप मूळ रचनेच्या बरेच जवळचे आहे. शिकवण्याचे कर्मही लक्षात घ्यावे लागते : आज्ञा नुसत्या सांगायच्या नाहीत, त्या पाळायला शिकवायच्या आहेत.

या कल्पनेची मुळे इब्री शास्त्रात (ख्रिस्ती लोकांच्या जुन्या करारात) आहेत, पण ती शब्दापेक्षा प्रसंगांत सापडतात. शिष्य या अर्थाचा ‘तल्मीद’ हा शब्द तिथे एकदाच येतो, तोही मंदिरातील गायकांच्या चिठ्ठ्या टाकताना (१ इतिहास २५:८). खरा नमुना एलीया हा संदेष्टा आणि त्याचा शिष्य अलीशा यांचा. अलीशा शेत नांगरत असतो. बैलांच्या बारा जोड्या चालल्या आहेत, बारावीमागे तो स्वतः. एलीया जवळून जाताना त्याच्या अंगावर आपला झगा टाकतो. अलीशा आईबापांचा निरोप घेतो, बैल कापतो, औताच्याच लाकडांवर मांस शिजवून लोकांना जेवू घालतो आणि निघतो (१ राजे १९:१९–२१). परतायचे साधन त्याने जाळून टाकलेले असते. पुढे त्याची ओळख ‘एलीयाच्या हातांवर पाणी घालणारा’ अशी करून दिली जाते (२ राजे ३:११). शिष्य म्हणजे गुरूच्या सोबत राहून सेवा करणारा, हे त्या एका ओळीत आले. लूकच्या शुभवर्तमानात (९:६१–६२) घरच्यांचा निरोप घेऊ पाहणाऱ्या माणसाला येशू नांगराला हात घालून मागे पाहण्याबद्दल बजावतो, तेव्हा ऐकणाऱ्यांना अलीशाचे शेत आठवले असणार.

‘सर्व राष्ट्रे’ हा धागाही जुनाच आहे. पृथ्वीवरील सर्व कुळांना अब्राहामाद्वारे आशीर्वाद मिळेल, असे उत्पत्ती १२:३ सांगते. यशया ४९:६ मध्ये परमेश्वराच्या सेवकाला राष्ट्रांसाठी प्रकाश म्हटले आहे. येशू मात्र आधी बारा जणांना परराष्ट्रीयांकडे जाण्यास मनाई करतो (मत्तय १०:५–६). ती मर्यादा अखेरच्या आदेशात उठते.

यहूदी परंपरेत गुरू शोधणे हे सहसा शिकणाऱ्याचे काम असे. शुभवर्तमानांत येशू स्वतः बोलावतो. मार्क ३:१४ मध्ये बारा जणांच्या निवडीची कारणे क्रमाने येतात : त्यांनी त्याच्याजवळ असावे, आणि त्याने त्यांना पाठवावे. आणखी एक फरक दूरगामी ठरला. इथे शिष्य पुढे स्वतंत्र गुरू होत नाही. कोणी स्वतःला गुरू म्हणवून घेऊ नये, कारण गुरू एकच (मत्तय २३:८–१०). त्यामुळे प्रेषितांनी (येशूने पाठवलेल्या त्या पहिल्या शिष्यांनी) केलेले शिष्य हे त्यांचे नव्हेत, येशूचे.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात शिष्य हे सर्वच विश्वासणाऱ्यांचे नाव होते. यापो येथील टबीथेसाठी त्याचे स्त्रीलिंगी रूप नव्या करारात एकदाच वापरले आहे (९:३६), तर अंत्युखियात शिष्यांना प्रथम ‘ख्रिस्ती’ हे नाव मिळाले (११:२६). नव्या करारातील पत्रांमध्ये हा शब्द मुळीच येत नाही. त्यांतली बरीच पत्रे ज्याच्या नावावर आहेत तो प्रेषित पौल त्याऐवजी अनुकरणाची भाषा वापरतो. २ तीमथ्य २:२ मध्ये शिकवण पौलाकडून त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याच्याकडे, त्याच्याकडून विश्वासू माणसांकडे आणि त्यांच्याकडून इतरांकडे जाते.

हा आदेश फक्त प्रेषितांपुरता होता, असे मत प्रॉटेस्टंट पंथांत दीर्घकाळ प्रबळ होते. इंग्रज बाप्टिस्ट धर्मोपदेशक विल्यम कॅरी यांनी १७९२ मध्ये एका पुस्तिकेतून ते खोडून काढले. आदेश प्रेषितांबरोबर संपला असेल, तर त्याच वाक्यातला बाप्तिस्माही संपायला हवा, आणि त्याच उताऱ्यातले युगाच्या समाप्तीपर्यंत सोबत राहण्याचे येशूचे वचनही, असा त्यांचा युक्तिवाद होता.