तलावांच्या गाळातील मोसमी पाऊस : सांभर ते लोणार

मोसमी पावसाच्या प्राचीन चढउतारांविषयी भारतात आज जी चर्चा होते, तिचा पाया राजस्थानातील सांभर, डिडवाना आणि लुणकरणसर या खाऱ्या तलावांच्या गाळावर घातला गेला. १९७०च्या दशकाच्या आरंभी या गाळातील परागकणांवरून असे मांडले गेले, की थरच्या वाळवंटात काही हजार वर्षांपूर्वी आजच्यापेक्षा बराच अधिक पाऊस पडत होता, याच ओलाव्याच्या काळात हडप्पा संस्कृतीची नगरे भरभराटीस आली आणि पाऊस आटल्यावर ती ओस पडली. ही मांडणी सोपी आणि आकर्षक असल्यामुळे ती पाठ्यपुस्तकांत लवकर रुजली.

तिच्याविषयीचा वाद पावसाचा नव्हता, कालमापनाचा होता. गाळाचे वय कार्बन-१४ वर्षांत, म्हणजे किरणोत्सारी कार्बनच्या घटीवरून काढलेल्या वर्षांत, दिलेले होते. झाडांच्या वार्षिक वलयांशी ताडून पाहिल्यावर स्पष्ट झाले, की या कालखंडात कार्बन वर्षे आणि पंचांगातील वर्षे यांत काही शतकांचे अंतर पडते आणि गाळाचे खरे वय अधिक भरते. हडप्पा नगरांच्या काळाचा एक महत्त्वाचा आधार मात्र लेखी नोंदींवरून काळ ठाऊक असलेल्या मेसोपोटेमियाशी जुळणाऱ्या वस्तूंचा, म्हणजे ऐतिहासिक वर्षांचा होता. दोन वेगळ्या मापांनी मोजलेले काळ एकाच तक्त्यात शेजारी ठेवले गेले, आणि वयांची दुरुस्ती केल्यावर ओलाव्याचा काळ नगरांच्या उदयाआधीच संपू लागला. १९९९मध्ये लुणकरणसरच्या गाळाचा नव्याने अभ्यास झाला. त्यानुसार हा तलाव सुमारे ४,८०० कार्बन वर्षांपूर्वी, म्हणजे पंचांगाच्या हिशेबाने साधारण ५,५०० वर्षांपूर्वी, पूर्ण कोरडा पडला होता. इ. स. पू. २६००च्या सुमारास नगरे बहरली तेव्हा त्याला जवळजवळ हजार वर्षे होऊन गेली होती. एका तलावावरून सबंध वायव्य भारताचा निकाल लावता येत नाही, हे खरे. प्रत्येक तलावाचे पाणलोट क्षेत्र वेगळे आणि भूजलाशी असलेले नातेही वेगळे. तरीही जुन्या मांडणीचा मुख्य दुवा तेव्हाच निखळला होता, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

हरियाणातील कोटला डहर या जुन्या तलावातील शंखांच्या ऑक्सिजन समस्थानिकांवरून (म्हणजे ऑक्सिजनच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून) २०१४मध्ये पाऊस सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी एकाएकी घटल्याचे दाखवण्यात आले, आणि हडप्पा नगरांच्या ऱ्हासाशी पावसाचा संबंध जोडणारी मते पुन्हा पुढे आली; या वेळी नगरांच्या अखेरच्या शतकांपुरती. २०१८मध्ये ‘मेघालयन’ या भूशास्त्रीय कालखंडाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. मेघालयातील गुहेत सापडलेल्या एका लवणस्तंभाच्या (ठिबकत्या पाण्यातील क्षारांच्या थरांनी वाढलेल्या खांबाच्या) आधारे त्याची सुरुवात ४,२०० वर्षांपूर्वी धरण्यात आली. कालखंडाला ठरावीक आरंभबिंदू लागतो, म्हणून ही रेषा सोयीची आहे. परंतु अवर्षणाला अशी धारदार सुरुवात सगळीकडे होती, हे तलावांच्या गाळावरून सिद्ध होत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचा गाळ या संदर्भात विशेष मोलाचा आहे. उल्काघाताने बेसाल्टमध्ये झालेल्या या विवरातून पाणी बाहेर वाहून जात नाही, त्यामुळे पाऊस आणि बाष्पीभवन यांतील फरक पाण्याच्या क्षारतेत आणि त्यातून गाळात उतरतो. तेथून काढलेल्या सुमारे १० मीटर लांबीच्या गाभ्यात, म्हणजे गाळाच्या उभ्या नळकांडी नमुन्यात, गेल्या सुमारे ११,००० वर्षांची नोंद मिळाली. पाणी फार आटले की तयार होणारे गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक त्यात ठरावीक थरांतच आढळतात. त्यावरून, आणि गाळातील इतर पुराव्यांवरून, २०१४मध्ये दोन दीर्घ अवर्षणकाळ मांडण्यात आले : एक ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. त्यांचा संबंध हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या सीमेवरील उष्ण जलक्षेत्रातील बदलांशी जोडला गेला. पहिला काळ ४,२०० वर्षांच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे.

दुसऱ्या काळाकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. महाराष्ट्रात त्याच शतकांत सातवाहनांपासून वाकाटक, चालुक्य, राष्ट्रकूट आणि यादवांपर्यंतच्या राजवटी होऊन गेल्या, आणि लोणारचे दैत्यसूदन मंदिरही त्याच काळातले आहे. हडप्पाच्या बाबतीत गाळातील कोरड्या थरावरून समाजाच्या ऱ्हासाचे अनुमान ज्या सहजतेने काढले गेले, त्या सहजतेने ते येथे काढता येत नाही.