ट्रामाडॉलची गोळी सोडताना

मणक्यातल्या गादीचं ऑपरेशन, बदललेला गुडघा, शिरोलीच्या फाउंड्रीत चेंगरलेला हात, उसाच्या ट्रॉलीवरून पडून मोडलेला खुबा. अशा दुखण्यावर लिहून दिलेल्या चिठ्ठीत ट्रामाडॉल किंवा टॅपेंटाडॉल हे नाव अनेकदा असतं. दोन्ही औषधं ओपिऑइड गटातली, म्हणजे अफू मेंदूत जिथे काम करते तिथेच काम करणारी. गोळी दोन-तीन महिने चालते, काहींची वर्षभर. मग दुखणं उतरतं, किंवा कुणी तरी ‘ही गोळी लई वाईट’ असं सांगतं, आणि माणूस एका सकाळी ती बंद करतो. दुसऱ्या दिवशी नाक वाहायला लागतं, जांभयांवर जांभया येतात, अंग मोडून येतं, रात्री पाय एका जागी ठरत नाहीत. घरच्यांना वाटतं व्हायरल ताप आहे. तिसऱ्या दिवशी जुलाब आणि घालमेल असह्य होते, तो एक गोळी घेतो आणि तासाभरात सगळं शांत होतं. ‘आता ही काही सुटत नाही’ असं त्याच्या मनात पक्कं बसतं. ते खरं नाही. ही गोळी सुटते, फक्त एका झटक्यात सोडायची नसते.

मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका असतो. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे सावध ठेवणारं रसायन तिथून मेंदूभर पसरतं. ओपिऑइड औषध या पेशींना मंद करतं. औषध रोज येत राहिलं की पेशी स्वतःची आतली यंत्रणा वाढवून उलट्या बाजूने जोर लावतात आणि काम सुरळीत ठेवतात. रस्सीखेचीत समोरच्याने दोर अचानक सोडला तर आपण जसे मागे कोसळतो, तसं गोळी बंद झाल्यावर होतं: समोरचा दाब गेला, पण पेशींचा जोर तसाच राहिला. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा पूर येतो. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, घाम फुटतो, अंगावर काटा येतो, छाती धडधडते, झोप उडते. आतड्यांतही याच औषधाचे ग्राहक रेणू असतात. म्हणून गोळी चालू असताना पोट साफ होत नाही आणि बंद केली की कळा येऊन जुलाब लागतात. पेशींचा हा वाढीव जोर ओसरायला दिवस ते आठवडे लागतात. मनाच्या निर्धाराने तो लवकर ओसरत नाही. ‘मन घट्ट कर’ असं रुग्णाला सुनावणाऱ्या नातेवाइकांनी हे समजून घ्यावं, ही आमची कळकळीची विनंती आहे.

शरीराला गोळीची सवय होणं म्हणजे व्यसन नव्हे. चिठ्ठीप्रमाणे गोळी घेणाऱ्यालाही काही आठवड्यांत ही सवय लागते. गोळीसाठी खोटं बोलणं, दहा दुकानं फिरणं, नुकसान दिसत असूनही डोस वाढवत नेणं, ही व्यसनाची लक्षणं. त्यावरही उपचार आहेत, पण ते वेगळे. आणि कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिन चालू असेल तर या लेखातलं वाचून ते कमी करायला जाऊ नका.

लवकर उतरणाऱ्या औषधांचा त्रास शेवटच्या डोसनंतर ८ ते २४ तासांत सुरू होतो, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातो आणि ४ ते १० दिवसांत ओसरतो. झोप आणि मनःस्थिती मात्र त्यानंतरही काही आठवडे बिघडलेली राहू शकते. ट्रामाडॉलचं आणखी एक अंग आहे. ते सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन यांचं पुन्हा शोषण अडवतं, म्हणजे काही अंशी नैराश्यावरच्या गोळीसारखं वागतं. त्यामुळे ते सोडताना ज्यांना त्रास होतो, त्यांतल्या सुमारे आठांपैकी एकाला वेगळीच लक्षणं दिसतात: एकदम दाटून येणारी भीती, हातापायांना मुंग्या, कुणी पाठलाग करतंय असा संशय, भास. घरचे याला ‘बाहेरची बाधा’ समजून वेळ घालवतात. ही औषध तुटल्याची लक्षणं आहेत, डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.

आता डोस कमी करण्याचं गणित. वर्षभर किंवा जास्त काळ गोळी घेतली असेल तर दर महिन्याला सुमारे १० टक्के किंवा त्याहून हळू. काही आठवडे-महिने घेतली असेल तर दर आठवड्याला मूळ डोसच्या सुमारे १० टक्के. डोस मूळच्या ३० टक्क्यांवर आला की पुढची कपात उरलेल्या डोसच्या १० टक्के. कागदावर हे सोपं दिसतं, अडचण येते कॅप्सूल हातात घेतल्यावर. समजा रोज ५० मिलिग्रॅमच्या ४ कॅप्सूल, म्हणजे २०० मिलिग्रॅम चालू आहेत. एक कॅप्सूल कमी केली की थेट २५ टक्के कपात झाली, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. इथे एक वाट आहे. ट्रामाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम अशी जोडगोळी मिळते. डॉक्टर एका कॅप्सूलच्या जागी ही गोळी लिहून देऊ शकतात: एक बदलली तर डोस १८७.५, दोन बदलल्या तर १७५, चारही बदलल्या तर १५०. मात्र चार गोळ्यांतून १३०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल पोटात जातं. तापाची किंवा सर्दीची दुसरी गोळी घेताना ते मोजायला हवं. यकृताचा आजार असेल, दारू चालू असेल तर ही वाट चालणार नाही. आणि ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ लिहिलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांना हे गणित लागू नाही. त्या तोडून-कुटून घेतल्या तर दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरतं.

गोळी आणखी लहान करता येत नाही अशी वेळ आली की दोन डोसमधलं अंतर वाढवतात. रात्रीचा डोस बहुधा शेवटी काढलेला बरा, कारण झोप मोडली की माणूस खचतो. एखादी पायरी जड गेली तर तिथेच दोन-चार आठवडे थांबा. थांबण्यात काही बिघडत नाही. मात्र डॉक्टरांना न विचारता डोस पुन्हा वर नेऊ नका. जुनं दुखणं सुरुवातीला थोडं वाढल्यासारखं वाटतं, तेही बऱ्याचदा औषध तुटल्यामुळे असतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत निवळतं. उतरती मांडणी तारखांसह कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घरात एकाला माहीत असू द्या.

कोल्हापूरच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात रस्ते तुटले, गावं पाण्याने वेढली गेली. ट्रामाडॉल एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थ कायद्याखाली आहे. चिठ्ठीशिवाय ते मिळू नये असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. पण याचा अर्थ असा, की शिरोळ किंवा करवीरमधल्या पूररेषेतल्या गावात पाणी चढलं आणि गोळ्या संपल्या, तर उतरता डोस सक्तीने शून्यावर येतो. म्हणून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकायला लागली की डॉक्टरांना फोन करून दोन आठवड्यांची चिठ्ठी आधीच घ्या. शक्य असेल तर डोस कमी करणं पावसाळ्याच्या ऐन मध्यात सुरूच करू नका.

कितीही सावकाश गेलं तरी थोडा त्रास होतो. त्यासाठी काय हाताशी ठेवायचं? पहिलं पाणी: दिवसाला २ ते ३ लिटर. जुलाब लागले तर ओआरएस, एका लिटरचं पाकीट पूर्ण एका लिटर पाण्यातच. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. पेज, मऊ भात-ताक, मुगाचं वरण, केळं हे पोटाला झेपतं. तांबडा रस्सा आणि मिसळीचा कट आठवडाभर बाजूला राहू दे, कळा येणाऱ्या आतड्याला ते नको असतं. जुलाबासाठी लोपेरामाइड: आधी २ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक. स्वतःच्या मनाने घेताना दिवसाला ८ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. जास्त डोसने हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. ताप किंवा शौचात रक्त असेल तर लोपेरामाइड घेऊच नका. अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं. जुलाबाने पाणी कमी झालेलं असताना डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात.

घाम, धडधड, घालमेल यांवर डॉक्टर क्लोनिडीन देतात, १०० मायक्रोग्रॅमच्या गोळीने सुरू करून. ती नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा तो पूर थेट आवरते. पण रक्तदाबही उतरवते. म्हणून प्रत्येक डोसआधी रक्तदाब मोजायचा, ९०/६० च्या खाली असेल तर तो डोस टाळून डॉक्टरांना कळवायचं, अंथरुणातून झटकन उठायचं नाही, आणि हीही गोळी एकदम बंद करायची नाही.

चुका होतात त्या बहुधा नकळत. पोटातल्या कळांसाठी मिळणाऱ्या काही गोळ्यांत डायसायक्लोमिनबरोबर ट्रामाडॉलच असतं, खोकल्याच्या काही औषधांत कोडीन हे दुसरं ओपिऑइड असतं. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा, नाहीतर एका दाराने घालवलेलं दुसऱ्या दाराने घरात येतं. दुखतं म्हणून कुणी पेंटाझोसिनचं इंजेक्शन सुचवलं तर आपल्या चालू गोळीचं नाव आधी सांगा. ओपिऑइडची सवय असलेल्या शरीरात ते मूळ औषधाला हुसकावून काही मिनिटांत तीव्र त्रास सुरू करू शकतं. झोपेसाठी अल्प्राझोलाम, प्रीगाबालिन किंवा दारू यांची ओपिऑइडशी गाठ घालणं सर्वांत घातक, कारण श्वास मंदावतो. आणि ट्रामाडॉल नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर घेतलं तर झटके येण्याचा आणि सेरोटोनिन अति वाढण्याचा धोका असतो.

घरी निभावणार नाही असे काही रुग्ण असतात: गरोदर स्त्री, पूर्वी आकडी आलेला, हृदयविकाराचा, दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर ट्रामाडॉल घेणारा, सुईने औषध घेणारा, आणि ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात तो. गरोदरपणात तर गोळी अचानक बंद करणं बाळालाही धोक्याचं आहे. यांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. कोल्हापुरातल्या सीपीआरसारखं (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालय हे पहिलं दार होऊ शकतं. तिथे लाज वाटण्यासारखं काही नाही. काहींना ब्युप्रेनॉर्फिन हे ओपिऑइड गटातलंच औषध उपचार म्हणून दिलं जातं. ही गोळी गिळायची नाही, जिभेखाली विरघळू द्यायची. त्रास ठळक दिसायला लागल्यावरच ती सुरू करतात, बहुधा शेवटच्या डोसनंतर किमान १२ तासांनी. घाईने घेतली तर तीच त्रास भडकवते.

उलट्या थांबत नाहीत, पाणीही पोटात टिकत नाही, लघवी आठ तास झालेली नाही, आकडी आली, भास होतायत, छातीत दुखतंय, यांतलं काहीही झालं तर १०८ ला फोन करा.

सर्वांत जास्त सांभाळायचे दिवस त्रास संपल्यानंतर येतात. औषध सुटून आठवडा-दोन आठवडे झाले की शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. महिन्यापूर्वी सहज पचणारा डोस आता श्वास थांबवू शकतो. एखाद्या वाईट रात्री कुणी जुन्या हिशेबाने चार गोळ्या घेतो आणि झोपेतून उठतच नाही. म्हणून घरच्यांना खुणा माहीत हव्यात: हलवूनही जाग न येणं, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, ओठ निळसर, घरघर, मिनिटाला १० पेक्षा कमी श्वास. १०८ ला कळवा, माणसाला कुशीवर वळवा, श्वास थांबला तर तोंडाने श्वास द्या. रुग्णालयात नॅलॉक्सोन हा उतारा असतो. पण ट्रामाडॉलमुळे आलेली आकडी त्याने थांबत नाही, आणि त्याचा परिणाम औषधाच्या आधी ओसरू शकतो, त्यामुळे शुद्धीवर आल्यावर लगेच घरी नेऊ नका.

उरलेल्या गोळ्या कपाटात ‘अडीअडचणीला’ ठेवू नका आणि कंबर दुखणाऱ्या शेजाऱ्यालाही देऊ नका. औषध दुकानात किंवा रुग्णालयात परत घेतात का विचारा. फेंटानिल या तीव्र ओपिऑइडची चिकटपट्टी वापरली असेल तर चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि संडासात सोडून पाणी टाका. वापरलेल्या पट्टीतही लहान मुलाचा जीव जाईल इतकं औषध शिल्लक असतं. बोलायला कुणी हवं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे, आणि १४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन दिवसरात्र मराठीतही बोलते.