टॉवेलचं गाव: कॅनापोलिसची पार्श्वभूमी

३० जुलै २००३ रोजी पिलोटेक्स या अमेरिकन कंपनीने आपल्या टॉवेल-चादरींच्या गिरण्यांना कायमचं टाळं लावलं. सुमारे साडेसहा हजार कामगार घरी बसले. त्यातले चार हजारांहून जास्त नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅनापोलिस आणि आसपासच्या भागातले होते. एका दिवसात एवढी कपात त्या राज्याने तोवर पाहिली नव्हती.

कॅनापोलिस गिरणीनेच वसवलं. जेम्स विल्यम कॅनन यांनी १९०६ मध्ये तिथे जमीन घेतली आणि गिरणीच्या आधाराने कामगारांची घरं उभी राहिली. गावाला शहराचा दर्जा मिळाला तो थेट १९८४ मध्ये. एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. हा धंदा अमेरिकेच्या दक्षिणेत फोफावला तोच ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडच्या गिरण्यांना मागे टाकून, स्वस्त आणि युनियन नसलेल्या मजुरीच्या जोरावर. कॅनापोलिसमध्ये युनियनला मतदान जिंकायला १९९९ उजाडलं. तोवर गिरणीची चारच वर्षं उरली होती.

परदेशी कापडाला अडवणारा कोटा १९७४ च्या बहुराष्ट्रीय करारातून आला. १९९५ पासून तो टप्प्याटप्प्याने सैल होत गेला आणि १ जानेवारी २००५ रोजी संपला. मध्येच १९९४ मध्ये मेक्सिकोशी मुक्त व्यापार सुरू झाला, तर डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. तरी सगळं खापर आयातीवर फोडता येणार नाही. १९९७ मध्ये फील्डक्रेस्ट कॅनन, म्हणजे कॅनापोलिसच्या गिरणीची तेव्हाची मालक कंपनी, विकत घेताना पिलोटेक्सने डोक्यावर घेतलेलं कर्जही तिला भोवलं.

आयातीमुळे काम गेलेल्या कामगारांसाठी अमेरिकेत १९६२ पासून मदत योजना होती. तिच्यातून प्रशिक्षण आणि भत्ता मिळे. पण आयुष्य मागावर गेलेल्या अनेकांचं शालेय शिक्षणच अपुरं होतं. पन्नाशीत पुन्हा वर्गात बसायचं, तेही आरोग्यविमा गमावून! गिरणीच्या जागेवर पुढे तिचेच एकेकाळचे मालक डेव्हिड मर्डॉक यांनी संशोधन संकुल उभारलं. मागावरच्या हातांना तिथे फारसं काम नव्हतं.

ग्राहकाला काय मिळालं? स्वस्त टॉवेल, हे खरंच. फायदा कोट्यवधी घरांत थोडा थोडा वाटला गेला, तोटा मात्र काही गावांवर एकगठ्ठा कोसळला. म्हणून दोन्हींची बेरीज-वजाबाकी कागदावरच जमते. टॉवेलांवरचं 'कॅनन' हे नावही विकलं गेलं आणि त्या नावाचा माल आशियातून बनून अमेरिकन दुकानांत येऊ लागला.

भारतीय कंपन्यांनीही ही बाजारपेठ काबीज केली. त्यांतली एक मोठी कंपनी म्हणजे वेलस्पन. तिचे कारखाने गुजरातेत वापी आणि अंजारला, कार्यालय मुंबईत लोअर परळला, म्हणजे जुन्या गिरणगावातच. लांबलचक पुरवठा साखळीत माल नक्की कसला, हे ग्राहकाला कळणं मात्र अवघड झालं. ऑगस्ट २०१६ मध्ये टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीने वेलस्पनशी संबंध तोडले. 'इजिप्शियन कॉटन' (इजिप्तचा उंची कापूस) म्हणून विकलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी आणि उशांच्या अभ्र्यांत दुसराच कापूस होता, असं तिचं म्हणणं होतं. ग्राहकांना पैसे परत देऊ करण्यात आले.